पिस्तुलातली रबरी चकती

इंद्रजीतच्या कमरेला, उजव्या अंगाला, पट्ट्याच्या जरा वर एक काळपट घट्टा पडला होता. पिस्तुलाची मूठ वर्षानुवर्षं त्याच जागी टेकून तिथली कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती. तो आंघोळीला बसला की सरूबाई, त्याची बायको, पाठीवर अर्धा तांब्या पाणी ओतायची आणि त्या घट्ट्यावर बोट ठेवून म्हणायची, "हा बगा तुमच्या नोकरीचा शिक्का."

अर्धा तांब्या अशासाठी की दोन पावसाळे कोरडे गेले होते. जायकवाडीत मृतसाठा उरला होता, आणि बीड बायपासच्या पलीकडं ही दोघं राहायची तिथं महापालिकेचा नळ चांगल्या वर्षीही पोचलेला नव्हता. टँकर यायचा, अंगणातल्या निळ्या ड्रमात पाणी पडायचं आणि त्या ड्रमाची तोटी सारखी टपटपत राहायची. सरूबाईनं तोटीला चिंधी बांधली होती, खाली वाटी ठेवली होती. वाटी भरली की ती तुळशीला घालायची, पण जीव तुटायचा तो तुटायचाच. "फौजेतला माणूस घरात, अन् एवढी तोटी बंद व्हईना," हे वाक्य दिवसातून एकदा तरी इंद्रजीतच्या कानावर पडायचं. तो म्हणायचा, "रविवारी बघतो."

फौजेतून हवालदार होऊन तो घरी आला तेव्हा त्याला वाटलं होतं, आता उभं राहणं संपलं. फुलंब्रीकडची थोडीशी कोरडवाहू जमीन भावाकडंच बरी होती. शहर मात्र चहूकडं पसरत होतं. जिथं बाजरी डुलायची तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले. ज्यांच्या घरी जमिनीचा पैसा आला त्यांच्या घरी भीतीही आली आणि भीतीच्या पाठोपाठ गनमॅन आला. गनमॅन म्हणजे स्वतःचा परवाना आणि स्वतःचं हत्यार असलेला माणूस. हत्यार नसलं तर तो साधा वॉचमन, आणि वॉचमन काय, कुणीही होतो. इंद्रजीतनं फंडाच्या पैशातून एका निवृत्त सुभेदारांचं बत्तीस बोअरचं पिस्तूल घेतलं, परवान्यावर त्याचा नंबर चढवून घेतला आणि नानासाहेबांकडं कामाला लागला. काम काय, तर पुन्हा उभंच राहायचं. जिन्यात, गाडीपाशी, लग्नाच्या मांडवात, दहाव्याला, कुठंही.

नानासाहेब एकेकाळी स्वतः ट्रॅक्टर चालवलेला माणूस. आता क्रांती चौकात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं काचेचं ऑफिस होतं आणि सातारा-देवळाईच्या बाजूला एक अर्धवट वसलेली कॉलनी. मनानं वाईट नव्हते. दिवाळीला इंद्रजीतच्या घरी फराळाचा डबा स्वतः घेऊन यायचे. पण जिभेला लगाम नव्हता. पाहुण्यांना सांगायचे, "ह्याच्या तोंडाकडं काय बघता, कमरेकडं बघा. पिस्तूल हाय म्हणून हा हाय. उद्या ते मोडलं तर ह्याचं काय लोणचं घालू?" पाहुणे हसायचे. इंद्रजीतही हसल्यासारखं करायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर ते झोंबायचं.

दर महिन्याला ते त्याला रेंजवर सरावाला पाठवायचे. "मला शोभेचा बाहुला नको. बार काढणारा माणूस पायजे." काडतुसांचा खर्च त्यांचा. झीज पिस्तुलाची.

ती झीज इंद्रजीतला एका रविवारी दिसली. जमिनीवर जुना पेपर, जुना टूथब्रश, फाटक्या बनियनचं फडकं असा त्याचा सरंजाम मांडलेला होता. पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, गोळी सुटली की झटक्यानं मागं जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि पुढं येताना नवी गोळी उचलून नळीत ढकलतो. मागं जाताना तो खालच्या बॉडीवर जिथं आदळतो, तिथलं लोखंड ठोकून ठोकून उचललं गेलं होतं. पाट्याच्या कडेसारखी एक धार तिथं तयार झाली होती. इंद्रजीतनं तिच्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

पिस्तूल घेऊन तो छावणीत मुनीरभाईंकडं गेला. मुनीरभाईंचं बंदूक-दुरुस्तीचं परवानाधारक दुकान त्यांच्या आजोबांपासूनचं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

"हौ, ठोका खा रही है," ते म्हणाले. "स्प्रिंग थकेली है. तुम थक गए, मैं थक गया, तो वो भी थकेगीच ना."

"मग स्प्रिंग बदला."

"बदलता ना. पण यायला तर पाहिजे. बाहेरगावाहून मागवतो. कधी येईल, अल्ला जाने. तोवर मारू नका, आराम द्या."

"साहेब दर महिन्याला रेंजवर पाठवतात."

मुनीरभाईंनी भिंग खाली ठेवलं. "इंद्रजीतभाई, ही बॉडी आहे. नंबर हिच्यावर आहे. परवान्यात लिहिलाय तो हाच. नळी बदलता येते, स्लाइड बदलता येते. हिला चीर गेली की पिस्तूल गेलं. कागदावरून पण गेलं. मग नवीन घ्यायचं म्हणजे परत अर्ज, परत पोलीस, परत साहेब लोक. तोवर तुमची नोकरी थांबणार का?"

नोकरी थांबणार नव्हती, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

"तिथं रबराची चकती टाकतात म्हणे," इंद्रजीत म्हणाला. "बफर. लोखंडावर लोखंड बसू नये म्हणून."

"टाकतात. माझ्याकडं येतात ना शौकीन लोक. अर्धे म्हणतात बहोत अच्छा, अर्धे म्हणतात निकालो. मेरे कू पूछो तो नक्को. चकतीची जेवढी जाडी, तेवढा स्लाइडचा रस्ता कमी. पूर्ण मागं गेली नाही तर पुढची गोळी उचलणार कशी? खेळाच्या पिस्तुलाला चालतं. अडकलं तर हात वर करायचा, पंच येतो. तुम्हारे यहाँ कौन पंच आएगा?" मग त्यांनी विचारलं, "वैसे, आजवर चालवलं का कुणावर?"

"नाय."

"आणि चालवायची इच्छा?"

"छ्या!"

"मग टाका की," मुनीरभाई हसले. हसता हसता पुन्हा गंभीर झाले. "नाही नाही. मैं तो नहीं बोलूंगा. स्प्रिंग येऊ द्या."

स्प्रिंग येईना. महिना भरत आला. त्याच सुमारास बद्रीनाथ, सरूबाईचा धाकटा भाऊ, शिफ्ट संपवून भेटायला आला. तो वाळूजला मोटरसायकलची रबरी बुशं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होता. चहाचा कप हातात घेऊन त्यानं सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"दाजी, तुमी फौजेवाले लई इचार करता बरं का. गाडीच्या शॉकअपला बुश नसलं तर बसणाऱ्याचं कंबरडं मोडंल का नाय?"

"मोडंल."

"मग? पिस्तुलाला बी कंबर असतीच की. माप द्या, उद्या करून आणतो."

"तू आधी माझ्या तोटीला काहीतरी आण," सरूबाई चुलीपासून म्हणाली.

"आक्का, तोटीचं काम कुणीबी करतं गं. पिस्तुलाचं काम कुणाला गावतं?"

दोन चकत्या त्यानं कागदाच्या पुडीत बांधून आणल्या. एक बसवायची, एक जोडीला. काळ्याभोर, गुळगुळीत, कडेनं एकसारख्या कापलेल्या. कुठल्या रबराच्या, हे इंद्रजीतनं विचारलं नाही. पिस्तुलाच्या आत काय काय असतं, हे बद्रीनं विचारलं नाही. मापं मात्र दोघांनी तीनतीनदा घेतली.

रेंजवर इंद्रजीतनं पहिली गोळी मारली ती दात आवळूनच. मग दुसरी, तिसरी. एकदाही पिस्तूल अडलं नाही. आतला तो कोरडा ठोका गेला होता. जड दार कुणीतरी हातानं धरून लोटावं तसं वाटत होतं. दर सरावानंतर रात्री सुजायचं ते मनगटही त्या दिवशी गप्प राहिलं. घरी येऊन त्यानं बद्रीला फोन लावला आणि नुसतं म्हणाला, "जमलं रे." आता तो आणि पिस्तूल, दोघं मिळून आणखी काही वर्षं रेटतील असं त्याला वाटलं. जास्त काही मागणं नव्हतं त्याचं. रेटणं जमलं की पुरे.

पण त्या वर्षी पाणी कुणाला सुखानं रेटू देत नव्हतं. नानासाहेबांच्या कॉलनीत लोक राहायला आले होते ते पाण्याच्या शब्दावर. पाइपलाइन आली नाही, म्हणून नानासाहेबांनी टँकर लावले. आणि टँकरवाल्यांना पाणी मिळेना तेव्हा जे मिळायचं त्यातलं निम्मं शेजारच्या त्यांच्याच नव्या इमारतीच्या स्लॅबवर जायला लागलं. स्लॅबला पाणी मारलं नाही तर तो तडकतो. बाया रिकाम्या कळशा घेऊन उभ्या असायच्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सिमेंट भिजायचं. दोनदा बाया क्रांती चौकातल्या ऑफिसपर्यंत आल्या. एकदा त्यांनी जिन्यात मडकी फोडली.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर नानासाहेबांनी काच वर घेतली. ते म्हणाले, "इंद्रजीत, एक दिवस तुला हवेत बार काढावा लागंल."

"साहेब, परवाना जाईल. अन् हवेतली गोळी खाली कुठं पडंल सांगता येत नाय."

"परवान्याचं मी बघतो. काढ म्हणलं की काढायचा. कळलं का?"

इंद्रजीत पुढच्या काचेतून बाहेर बघत राहिला. फौजेत त्याला हुकमाला नाही म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि इथं तर त्या शब्दाला जागाच नव्हती. त्याला त्या बायांमधल्या एकीचा चेहरा आठवत होता. मडकं फोडताना तिनं आधी त्यातलं तळाचं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन टाकलं होतं.

पुढं दसरा आला. नानासाहेबांच्या ऑफिसात शस्त्रपूजा जोरात असायची. टेबलावर नवं कापड, त्यावर मोजणीची टेप, जेसीबीची चावी, लॅपटॉप, आणि मधोमध इंद्रजीतचं पिस्तूल, रिकामं करून ठेवलेलं. पूजेचा मान दगडाबाईंचा, म्हणजे नानासाहेबांच्या आईचा. सगळा जन्म शेतात गेलेली बाई. विळा, कुऱ्हाड, पाभर, जे जे लोखंडाचं ते ते दसऱ्याला तेल पितं, एवढं तिला पक्कं ठाऊक. हळदकुंकू वाहून झालं की ती करडईच्या तेलाची वाटी उचलायची आणि पिस्तुलावर धार धरायची.

"आई, बास की," नानासाहेब म्हणाले.

"गप रे. वर्सभर तुझ्या जिवाला जपतं ते. पिऊ दे त्याला." मग इंद्रजीतकडं वळून, "पोटभर घालते रे बाबा. अवंदा पाऊस तर प्यायला मिळाला नाय कुणाला."

दर वर्षी इंद्रजीत त्याच संध्याकाळी पिस्तूल खोलायचा, कुंकवाचा आणि तेलाचा कण न् कण रॉकेलनं काढायचा. या वर्षी घरी पोचला तो टँकर दारात. सरूबाई एकटी पाइप ओढत होती, पाइप फुटला होता, शेजारणीशी तिची जुंपली होती. ड्रम भरेपर्यंत त्याच्या अंगातलं सगळं बळ गेलं. पिस्तूल त्यानं वरवर पुसलं, कपाटात ठेवलं आणि तो न जेवताच झोपला. उद्या खोलू म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पेपर अंथरून बसला तेव्हा मागं ओढलेली स्लाइड नेहमीसारखी तिथं अडकून राहीना. सरावाच्या खोट्या गोळ्या त्याच्याकडं होत्या, त्या भरून त्यानं पुन्हा ओढली. स्लाइड पुढं आली ती रिकामीच. गोळी खालीच राहिली. परत ओढली, परत तेच. खोलून बघतो तर चकती भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली, बोटाला चिकटणारी, आणि भोवती करडईचं तेल आटून गुळाच्या काकवीसारखं झालेलं.

त्यानं बद्रीला फोन केला.

"तेल? दाजी, तेलात घातली तुमी चकती?" बद्री तिकडून ओरडला. "आवं ते तेलाचं रबर नव्हं! गाडीच्या मडगार्डच्या पट्टीचं हाय, ऊन-पावसाचं. तेलाचं रबर येगळं असतं."

"मग सांगायचं नाय व्हय?"

"तुमी कुठं इचारलं? मला काय म्हायती, पिस्तुलाला बी आंघोळ असती म्हणून!"

फोन ठेवून इंद्रजीत ती चकती चिमटीत धरून बसून राहिला. ती टाकून द्यायला आणि पिस्तूल पहिल्यासारखं जुळवायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नसता. पुडीतली दुसरी कोरडी चकती बसवली असती तरी काम झालं असतं. त्यानं फडक्यानं ती फुगलेली चकती पुसली. थोडा वेळ अंगणाकडं बघितलं. मग तीच परत आत बसवली आणि पिस्तूल बंद केलं.

मनाला त्यानं सांगितलं की स्प्रिंग आली म्हणजे सगळंच एकदम करू. पण खरं काय ते त्याच्या हातांना कळलं होतं. बसवताना ते चोरासारखे चालले होते. आता कुणी 'काढ बार' म्हणालं तर बार निघणार नव्हता, आणि त्यात इंद्रजीतचा काही गुन्हा नव्हता. कित्येक दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं जरा सरकलं.

दिवाळीला नानासाहेब फराळाचा डबा घेऊन आले. चकल्या कुरकुरीत होत्या. इंद्रजीतच्या घशाखाली एकही नीट उतरली नाही. "तब्येत बरी नाय का रे?" असं नानासाहेबांनी आपुलकीनं विचारलं, ते जास्तच लागलं.

कार्तिकातल्या एका सकाळी कॉलनीच्या फाटकाशी ते झालं. टँकर आत शिरला आणि नेहमीसारखा स्लॅबकडं वळू लागला. बाया आडव्या बसल्या. नानासाहेब समजूत घालायला गाडीतून उतरले, बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, मागून कुणीतरी कळशी भिरकावली आणि गाडीची काच खळकन फुटली. नानासाहेब दोन पावलं मागं सरले. त्यांच्या गालावर काचेची बारीक चीर उमटली होती.

"इंद्रजीत! हवेत काढ! काढ बार!"

सगळ्यांचे डोळे इंद्रजीतच्या कमरेकडं. त्याचा हात मुठीवर गेला आणि तिथंच राहिला.

"साहेब, व्हायचं नाय."

"काय व्हायचं नाय?"

"पिस्तूल चालत नाय. आत अडकतंय."

सगळ्यात पुढं लक्ष्मीबाई म्हणून एक पोक्त बाई बसली होती. पदर खोचलेला, मांडीवर रिकामी घागर. तिनं एकदा इंद्रजीतकडं बघितलं, एकदा पिस्तुलाकडं आणि खो खो हसत सुटली.

"आगं बायांनो, ह्याचं बी आपल्या नळावानीच हाय गं! नुसतं तोंड! आत कायबी नाय!"

एक हसली, दुसरी हसली, मग सगळ्याच. टँकरचा ड्रायव्हरही स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. हसून हसून बायांचा आवेश उतरला. लक्ष्मीबाई उठली, टँकरला वळसा घालून मागं गेली आणि तिनं आपल्या हातानं व्हॉल्व्ह खोलला. कुणी तिला अडवलं नाही. बाया रांगेला लागल्या. गालाला रुमाल लावून नानासाहेब फुटक्या काचेच्या गाडीत जाऊन बसले.

गाडी बायपासला लागली तशी त्यांनी गालावरचा रुमाल खाली घेतला. मग म्हणाले, "कधीपासून?"

"दसऱ्यापासून. रबर टाकलं व्हतं, ते तेलानं फुगलं."

"तुला म्हायती व्हतं?"

"व्हय साहेब."

"मी फराळ घेऊन आलो तवा बी?"

"व्हय."

नानासाहेबांनी आपल्या ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला लावली. ओरडले असते तर इंद्रजीतला सोपं गेलं असतं. ते हळूच बोलले. "माझी पोरं ह्या गाडीत बसत्यात, इंद्रजीत. तू पुढं हायस म्हणून मी मागं डोळा लावतो. बार काढायचा नव्हता तर नव्हता. पर चालतंय म्हणून लावून फिरलास?"

"उतर," नानासाहेब म्हणाले, आणि तो उतरला.

बायपासनं तो चालत घरी आला. ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. सरूबाईनं त्याला अवेळी दारात बघितलं आणि काही न विचारता पिण्याचं पाणी दिलं. तांदूळ निवडता निवडता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नाय म्हणायचं व्हतं तर तोंडानं म्हणायचं," ती म्हणाली. "रबराकून कामून वदवलं?"

"तोंडानं म्हणलो असतो तर नोकरी गेली असती."

"मग आता ऱ्हायली का?"

तिनं ताट बाजूला ठेवलं, उठून त्याच्या पाठीवरची धूळ पदरानं झटकली. "गेली तर गेली. वॉचमन म्हणून कुटंबी उभं ऱ्हाता येतं. ऱ्हायची तर सवयच हाय तुमाला."

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी त्यानं पेपर अंथरला. फुगलेली चकती काढून कचऱ्यात टाकली. प्रत्येक भाग रॉकेलनं धुतला, पुसला, हत्याराचं तेल नावापुरतं लावलं. खोट्या गोळ्या भरून स्लाइड ओढली. गोळी उचलली गेली, पुन्हा ओढली, पुन्हा उचलली गेली. बॉडीवरची ती धार तशीच होती. त्यानं तिच्यावरून नख फिरवलं. बॉडी चिरायची तेव्हा चिरेल. पण कमरेला जे दिसतंय ते आत असायला हवं, एवढं तरी.

पुडीत कोरडी चकती उरली होती. ती घेऊन तो अंगणात गेला, ड्रमाची तोटी पान्यानं उघडली, आतलं सडलेलं चामडं काढलं आणि चकती बसवून बघितली. कडेनं जरा कातरावी लागली. चिंधी सोडून तोटी आवळली. सरूबाई बाहेर येऊन वाटीकडं बघत उभी राहिली. थेंब पडला नाही.

"पाण्यातलं चालंल का हे?" तिनं विचारलं.

"ऊन-पावसाचंच रबर हाय म्हणं. बद्रीच सांगत व्हता."

"बद्रीनं आयुष्यात एक काम धड केलं म्हणायचं," ती म्हणाली, आणि वाटी उचलून घरात घेऊन गेली.

काही दिवस असेच गेले. मग नानासाहेबांचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"दोन जण बघितले," ते म्हणाले. "एक मुलाखतीलाच झिंगून आला. दुसऱ्याला म्हणलं, वेळ पडली तर बार काढशील का. तर म्हणतो, कुणावर ते सांगा. लगेच, असं! मलाच भ्या वाटलं रे त्याचं." मग त्यांनी विचारलं, "रबर काढलं का?"

"काढलं."

"चालतं?"

"चालतं साहेब. पर बॉडीला ठोका बसतोय. स्प्रिंग येईस्तोवर रेंजवर जाणार नाय. तरी एखांद्या दिवशी चिरंल. चिरलं की मी स्वतः येऊन सांगंन."

"बरं."

"अन् अजून एक." इंद्रजीतनं दाराकडं बघितलं. सरूबाई दारात उभी होती. "बायांना भ्या दाखवायला बार काढणार नाय. हवेत बी नाय. तुमच्या जिवावर आलं, पोरांच्या जिवावर आलं, तर माझा हात अडायचा नाय. पर ते नाय."

पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता. क्रांती चौकातले हॉर्न, रिक्षा, कुणीतरी चहाची ऑर्डर देत असलेलं.

"आई रडती," नानासाहेब म्हणाले. "म्हणती तेल म्याच घातलं, त्याच्या पोटावर पाय म्याच दिला."

"त्यांची काय चूक. त्यांना सांगा तसं."

"तूच सांग उद्या. वेळेवर ये."

फोन बंद झाला. 'ते नाय' यावर ते काहीच बोलले नव्हते. मान्य केलं की नुसतं सोडून दिलं, हे इंद्रजीतला कळलं नाही. पुढं एखाद्या फाटकाशी कळेल, असं त्यानं धरून ठेवलं.

सकाळी त्यानं पट्टा आवळला. मूठ घट्ट्यावर आपल्या जागी टेकली. मधल्या दिवसांत तिथली कातडी जरा मऊ पडली होती, त्यामुळं ती नव्यानं टोचली. छावणीतून मुनीरभाईंचा निरोप होता की स्प्रिंग अजून आली नाही. क्रांती चौकातला जिना चढताना पहिल्याच वळणावर गुडघा दुखला. तो तिथं कठड्याला धरून थोडा थांबला, आणि मग वर जाऊन दाराशी आपल्या जागेवर उभा राहिला.